पहिल्यांदाच कस्टम वॉटर कूलिंगचा गेमिंग पीसी बांधतोय, इंदूरच्या उन्हाळ्यात निभेल का?

पोहेजिलेबी
मंडळी, दोन वर्षं पैसे साठवून शेवटी भाग जमवायला लागलो. रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर, आरटीएक्स ४०८० ग्राफिक्स कार्ड आणि ८५० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) घरात आलाय. आता थंडाव्याचा प्रश्न आहे.

आमचं घर रामबागेत, जुनं. माझी खोली गच्चीखालची. मे महिन्यात दुपारी तिथे ३६-३७ अंश असतात. दिवसा नोकरी, म्हणून खेळायचं ते रात्री साडेदहानंतर. मधल्या लाकडी पार्टिशनपलीकडे आई झोपते. जुन्या कार्डाचे पंखे सुटले की तिची झोप मोडायची. ती कधी बोलली नाही, पण सकाळी चेहऱ्यावरून कळायचं. तेव्हापासून मनात आहे की पुढचा पीसी पाण्यावरचाच, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही एकाच लूपमध्ये, म्हणजे पंपाने पाणी फिरवणाऱ्या नळ्यांच्या एकाच चक्रात. आणि तो मी माझ्या हाताने जोडणार.

सिल्व्हर मॉलमध्ये चार दुकानं फिरलो. एआयओ (कंपनीकडूनच भरून, जोडून येणारा तयार वॉटर कूलर) सगळ्यांकडे आहे, कस्टम लूपचं सामान कोणीच ठेवत नाही, मागवून देतात. आजवर उघडं लूप कधी हाताळलेलं नाही. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा: सुरुवात कुठून करू, पाणी कोणतं घालू, आणि आपल्याकडच्या उकाड्यात याचा उपयोग होतो का?

खटपट्या
स्पष्ट सांगतो, राग मानू नकोस. ७८००एक्स३डी गेममध्ये ७० वॉटच्या आसपास खातो. त्याला तीन-चार हजारांचा, पंख्यावर चालणारा चांगला टॉवर कूलर पुरतो. लूपचे पैसे मॉनिटरमध्ये घाल.

सुदामानगरी
खटपट्या, प्रोसेसरपुरतं तुमचं बरोबर आहे. पण त्याचा त्रास ग्राफिक्स कार्डाच्या आवाजाचा आहे. ४०८० म्हणजे ३२० वॉटचं कार्ड, लूपचा खरा फायदा तिथेच होतो. माझ्याकडे चार वर्षांपासून लूप आहे. पंखे मिनिटाला ९०० फेऱ्यांवर फिरतात आणि पडद्यावर लढाई चाललेली असताना मला भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते.

पोहेजिलेबी, काही विकत घेण्याआधी एक काम कर. तुझ्या कार्डाचं नेमकं मॉडेल बघ आणि त्याच मॉडेलसाठी वॉटर ब्लॉक (चिपवर बसणारा, आतून पाणी फिरणारा धातूचा ठोकळा) निघतो का ते तपास. ४०८० नावाची कार्डं डझनभर कंपन्यांची आहेत आणि प्रत्येकीच्या सर्किट बोर्डावर भागांची मांडणी वेगळी असते. एकाचा ब्लॉक दुसऱ्यावर बसत नाही. माझ्या मैत्रिणीने आधी ब्लॉक मागवला, मग कार्ड घेतलं, आणि ब्लॉक सहा महिने खोक्यात पडून राहिला.

लष्करवाला
ग्वाल्हेरहून हजेरी. तुम्ही ३६-३७ ला उकाडा म्हणता, आमच्याकडे बाहेर ४५ च्या वर जातं आणि वर धूळ! तरी लूप चालतं. फक्त एक गोष्ट पक्की डोक्यात ठेव. लूपमधलं पाणी खोलीच्या तापमानापेक्षा थंड होऊच शकत नाही. खोली ३६ तर पाणी ४६ ते ४८. कार्ड त्याच्या आणखी दहा-बारा अंश वर. त्यामुळे परदेशातले लोक व्हिडिओत ४५ अंशांचे आकडे दाखवतात ते बघून मन छोटं करू नकोस. त्यांची खोली २० ची असते. पाणी आणि खोली यांतला फरक मोजायचा. तो दहा-बारा अंशांत राहिला तर तुझं लूप उत्तम.

धुळीसाठी: पंख्यांना जाळी लाव आणि रेडिएटर (पाण्याची उष्णता हवेत सोडणारा भाग) फार दाट पात्यांचा घेऊ नकोस. दाट पात्यांतली धूळ ब्लोअरनेही निघत नाही.

चिवडा३६०
मग खोलीत कूलर लावला तर? किंवा रिझर्व्हायरमध्ये, म्हणजे लूपच्या टाकीत, बर्फ टाकला तर? 😀

लष्करवाला
कूलर जरूर लाव. मेमध्ये हवा कोरडी असते, वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर खोली चांगली खाली आणतो आणि लूपला त्याचा थेट फायदा होतो. फक्त त्याचा झोत पीसीवर धरू नकोस.

बर्फ मात्र नको. पाणी खोलीच्या दवबिंदूखाली गेलं की नळ्यांना आणि ब्लॉकला बाहेरून घाम फुटतो, पावसाळ्यात फ्रिजमधली बाटली बाहेर ठेवल्यावर फुटतो तसा. तो घाम ओघळून मदरबोर्डवर पडणार. साध्या लूपमध्ये पाणी नेहमी खोलीपेक्षा गरमच असतं, म्हणून ही भीती कधीच नसते.

शबेमालवा
यात आपल्या माळव्याचं एक सुख आहे भिया. दुपार कितीही तापली तरी रात्र उतरते. हा खेळणार रात्री साडेदहानंतर, म्हणजे निम्मं काम हवाच करणार.

पोहेजिलेबी
सुदामानगरी ताई, तपासलं. माझ्या कार्डासाठी दोन कंपन्यांचे ब्लॉक निघतात. बायक्स्कीचा मागवतोय. लष्करवाला दादा, फरक मोजायचं पटलं.

आता पाण्याचं सांगा. घरी आरओ आहे, त्याचं चालेल? आणि लूपचा क्रम कसा ठेवायचा? एका व्हिडिओत म्हणतात दोन ब्लॉकच्या मध्ये रेडिएटर हवाच, नाहीतर कार्डाचं गरम पाणी प्रोसेसरला जातं.

खटपट्या
क्रमाचा हिशोब मी करून देतो, तेवढा माझा विषय आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. तुझा पंप मिनिटाला ४ लिटर फिरवतो असं धर. कार्ड आणि प्रोसेसर मिळून ४०० वॉट, म्हणजे मिनिटाला २४ किलोज्यूल. २४ भागिले (४ गुणिले ४.२). उत्तर दीड अंशाच्याही आत. म्हणजे अख्ख्या लूपमध्ये सगळ्यात गरम आणि सगळ्यात थंड पाण्यात दीड अंशाचाही फरक नाही. नळ्या जिथे सरळ आणि छोट्या बसतील तसा क्रम ठेव.

एकच नियम मोडायचा नाही: रिझर्व्हायर पंपाच्या आधी आणि वर. डी५ सारख्या पंपाचं बेअरिंग त्याच पाण्यावर चालतं. कोरडा फिरला की थोड्याच वेळात खराब होतो.

माझं टॉवर कूलरचं मत कायम आहे, पण आवाजाचं कारण वाचल्यावर तुझा हट्ट समजला.

दांडियाबाजार
बडोद्याहून. माझी चूक सांगतो म्हणजे तू करणार नाहीस. पहिल्या लूपच्या वेळी एका दुकानातून वापरलेला रेडिएटर स्वस्तात घेतला. ॲल्युमिनियमचा होता. ब्लॉक तांब्याचा. आठ महिन्यांनी तापमान चढायला लागलं. उघडलं तर ब्लॉकच्या बारीक पात्यांत दह्यासारखा पांढरा गाळ. रेडिएटर आतून खाल्ला गेला होता. तांबं आणि ॲल्युमिनियम एका पाण्यात कधीही ठेवू नका. एआयओचे रेडिएटर बहुतेक ॲल्युमिनियमचे असतात, ते सोडवून कस्टम लूपमध्ये लावायचा मोह टाळा.

निवृत्त_कॅटकर
नमस्कार. या धाग्यात वयाने बहुधा मीच सगळ्यात मोठा. गेम खेळत नाही, पण पाण्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात आयुष्य गेलं. आम्ही जुने लोक अजून त्याला कॅटच (सेंटर फॉर ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी) म्हणतो, नाव २००५ मध्ये बदललं. तिथे इंडस-१ आणि इंडस-२ ही इलेक्ट्रॉन वेगाने फिरवणारी सिंक्रोट्रॉन यंत्रं आहेत. त्यांच्या चुंबकांच्या वेटोळ्यांत शेकडो अँपिअरचा प्रवाह जातो. ती वेटोळी पोकळ तांब्याच्या नळीची असतात आणि त्याच नळीतून पाणी फिरतं. वीज आणि पाणी एकाच तांब्यात. म्हणून तिथलं पाणी जवळजवळ क्षारमुक्त ठेवावं लागतं.

आता तुमचं आरओ. आरओच्या पाण्यात क्षार कमी असतात, पण असतात. घरातल्या कूलरच्या ताट्या उन्हाळा संपताना बघा, पांढरा कडक थर असतो. तुमच्या ब्लॉकच्या आतल्या फटी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही अरुंद. तिथे असा थर धरला तर पाणी अडेल. आपल्या नळाला १९७८ पासून नर्मदेचं पाणी येतं, सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून. प्यायला अमृत आहे, पण ब्लॉकमध्ये घालू नका.

मग नुसतं शुद्ध पाणी? तेही पुरत नाही. क्षारमुक्त पाणी भुकेलं असतं, ज्या धातूला लागेल त्यातून थोडं थोडं ओढून घेतं. आमच्याकडे ते सतत क्षार धरून ठेवणाऱ्या रेझिनमधून फिरवून पुन्हा शुद्ध करत असू. तुमच्या पेटीत ती सोय नाही. म्हणून डिस्टिल्ड पाण्यात गंजरोधक आणि शेवाळरोधक मिसळलेलं तयार कूलंट घ्या. एका लिटरमध्ये बहुतेक काम होतं.

दांडियाबाजार यांच्या गाळाचं कारण: दोन वेगळे धातू आणि मध्ये पाणी म्हणजे ती बॅटरीच झाली. त्यात ॲल्युमिनियम झिजतं, तांबं शाबूत राहतं. ब्लॉकवर निकेलचा मुलामा देतात. आपल्या आज्या पितळी पातेल्याला कल्हई लावून घ्यायच्या, आंबट वरण कळकू नये म्हणून. तसंच काहीसं. पण कल्हई गेलेल्या पातेल्यात ताक ठेवत नाहीत, हेही आज्यांना माहीत होतं. मुलामा उडालेला ब्लॉक घेऊ नका.

सुदामानगरी
काका, कल्हईचं किती सुंदर सांगितलंत! चार वर्षं लूप चालवतेय, निकेल का लावतात ते आज समजलं.

जुना_टेपड्राइव्ह
काकांचा प्रतिसाद वाचून आठवलं. १९८५ चा क्रे-२ महासंगणक तर अख्खाच्या अख्खा द्रवात बुडवलेला असायचा. फ्लोरिनर्ट नावाचा वीज न वाहणारा द्रव, पारदर्शक, आतली सर्किटं दिसायची. पुढे भारताला क्रे हवा तसा मिळेना म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक हे सरकारी संगणक केंद्र उभं राहिलं आणि १९९१ मध्ये त्यांचा परम ८००० महासंगणक आला. त्या वेळी आम्ही कॉलेजात होतो, पेपरातली कात्रणं वहीत चिकटवली होती.

चिवडा३६०
मग पीसी सरळ खोबरेल तेलात बुडवला तर?

शबेमालवा
थंडीत गोठेल भिया. डिसेंबरात डोक्याला लावायला बाटली उन्हात ठेवावी लागते, आठवतं ना?

लोहामंडी
मुद्द्याचं थोडं. फिटिंगचे आटे जी १/४ असतात, म्हणजे आपला पाव इंची समांतर बीएसपी (पाइपच्या आट्यांचं ब्रिटिश माप). पिथमपूर आणि सांवेर रोडच्या कारखान्यांत हवेच्या लाइनला हाच आटा चालतो. त्यामुळे पाणी काढायचा बॉल व्हॉल्व्ह आयात करायची गरज नाही. सियागंजात न्यूमॅटिक सामानाच्या दुकानात निकेल चढवलेला पितळी मिळतो.

दोन खबरदाऱ्या. एक, आटा समांतरच हवा. निमुळता आटा ॲक्रिलिकच्या ब्लॉकमध्ये आवळलास तर ब्लॉक तडकेल. दोन, जस्त चढवलेलं लोखंड किंवा ॲल्युमिनियम घेऊ नकोस. सोबत चुंबक घेऊन जा, लोखंड तिथेच ओळखू येईल.

आणि व्हॉल्व्ह लूपच्या सगळ्यात खालच्या जागी बसव. पहिल्यांदा बांधणारे हे विसरतात आणि वर्षाने पाणी बदलताना पीसी परातीत आडवा करतात.

पोहेजिलेबी
लोहामंडी भाऊ, हे सोनं आहे. शनिवारी जातो. काका, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. कल्हईवाला गल्लीत यायचा तेव्हाच्या गोष्टी ते तासभर सांगत बसले.

नळ्या कडक घेऊ की मऊ? कडक पीईटीजी प्लास्टिकच्या दिसायला फार देखण्या वाटतात.

सुदामानगरी
पहिल्या वेळी मऊ. माझं ऐक. कडक नळी हीट गनने तापवून, आत सिलिकॉनची दोरी घालून वाकवावी लागते. एक बाक दोन मिलिमीटर चुकला तर नळी वाया. शिवाय पीईटीजी उष्णतेला कच्ची. पाणी ६० च्या पुढे गेलं तर फिटिंगमध्ये मऊ पडू लागते. आपल्या हवेत पंप बंद पडण्याचा एखादा प्रसंग आला तर ती जोखीम नको. कडकच हवी असेल तर पुढे कधीतरी ॲक्रिलिक घे.

मऊमध्ये आतून १० आणि बाहेरून १६ मिलिमीटरची घे, जाड असल्याने बाकावर चिमटत नाही. काळी ईपीडीएम रबराची मिळाली तर सर्वांत उत्तम. पारदर्शक नळ्यांतून कालांतराने प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) पाझरतो आणि त्या धुरकट होतात.

दांडियाबाजार
+१. आणि नवा रेडिएटर कोमट डिस्टिल्ड पाण्याने चारपाच वेळा खळखळून धू. आत डाग देण्याच्या वेळचा फ्लक्स राहिलेला असतो. माझ्या दुसऱ्या लूपच्या वेळी पहिल्या धुण्याचं पाणी चहासारखं आलं होतं.

लष्करवाला
गळती चाचणीचं कोणीच बोललं नाही, म्हणून मी बोलतो. ही पायरी कोणी घाईत उरकू नये. हवेचा टेस्टर मिळतो, हातपंप आणि मीटर असलेला. लूप कोरडं असताना अर्धा बार दाब भर आणि अर्धा तास काटा बघ. काटा हलला नाही तरच पाणी घाल.

पाणी भरताना वीज फक्त पंपाला. मदरबोर्ड आणि कार्डाच्या केबल काढून ठेव. एसएमपीएस एकटा सुरू करायला २४ पिनच्या जोडणीत १६ नंबरची पिन शेजारच्या १५ किंवा १७ ला जोडायची. जुन्या एसएमपीएसमध्ये हिरवी तार आणि काळी तार. हे करताना मागचा स्विच बंद. रिझर्व्हायर भरायचा, पाचदहा सेकंद पंप चालवायचा, थांबवायचा, पुन्हा भरायचा. पंपाने हवा ओढता कामा नये.

मग पीसी चारी बाजूंनी हळूहळू कलता कर, बुडबुडे रेडिएटरमधून वर येतात. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवून रात्रभर फक्त पंप चालू दे.

पोहेजिलेबी
मंडळी, सव्वीस दिवसांनी परत आलोय. उशीर झाला कारण ब्लॉक यायला वेळ लागला आणि नंतर जे झालं ते सविस्तर सांगायचं होतं.

सगळं जोडलं. ३६० मिलिमीटरचे दोन रेडिएटर, एक वर, एक पुढे. डी५ पंप रिझर्व्हायरसकट. काळी ईपीडीएम नळी. कार्डाचा मूळ कूलर उतरवताना हात थरथरत होते हे खरं आहे. एवढं महागडं कार्ड आणि मी त्याचे स्क्रू काढतोय! थर्मल पॅड (चिपची उष्णता ब्लॉकला देणाऱ्या मऊ पट्ट्या) जिथल्या तिथे लावायला दीड तास लागला.

मग हवेची चाचणी. अर्धा बार भरला. दहा मिनिटांत काटा ०.४ वर. पोटात गोळा आला. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. ते म्हणाले, पंक्चरवाला अख्खी ट्यूब एकदम पाण्यात बुडवत नाही, एकेक हातभर बुडवत जातो, तूही तुकडा तुकडा तपास. तसंच केलं. झाकणं लावून लूपचा अर्धा भाग वेगळा केला. रेडिएटरची बाजू घट्ट. गळती कार्डाच्या ब्लॉककडे. फिटिंग काढली तर आतली रबरी ओ-रिंग कापली गेलेली. मी फिटिंग पान्याने आवळली होती! हाताने घट्ट करायची असते, सील रबर करतं, जोर करत नाही. नवी ओ-रिंग घातली, हाताने फिरवली, अर्धा तास काटा जागचा हलला नाही. लष्करवाला दादा, तुम्ही ती पायरी लिहिली नसती तर मी थेट पाणी भरलं असतं आणि ते पहिल्यांदा कार्डावरच सांडलं असतं. मनापासून आभार.

रात्रभर पंप चालवला. टिश्यू कोरडे. सकाळी आईने नळ्या बघून विचारलं, "याला सलाईन का लावलंय?"

आता आकडे. काल दुपारी खोली ३६, दोन तास खेळल्यावर पाणी ४८, कार्ड ६०, प्रोसेसर ७४. पंखे १००० फेऱ्या. रात्री साडेअकराला खोली २७, पाणी ३९, कार्ड ५१. फरक दोन्ही वेळा १२ अंशच! खटपट्यांचा क्रमाचा हिशोब पण बघितला, दोन ठिकाणी सेन्सर लावलेत, एक अंशाचा फरक.

आणि आई. काल सकाळी चहा देताना म्हणाली, रात्री खेळला नाहीस का रे? मी दोन वाजेपर्यंत खेळत होतो.

फक्त थंडाव्याचा खर्च ३८ हजार झाला, सियागंजातला व्हॉल्व्ह धरून. पैशाच्या हिशोबाने खटपट्या बरोबर आहेत. मला तरीही हेच करायचं होतं आणि झालं याचा आनंद मावत नाहीये.

एक गोष्ट आधी लक्षात आली नव्हती: खोली पूर्वीइतकीच तापते. ४०० वॉट शेवटी खोलीतच येतात, पाण्याने आले काय आणि हवेने आले काय. म्हणून खेळताना खिडकी उघडी ठेवतो.

खटपट्या
अभिनंदन रे! एक अंशाचा फरक वाचून फार बरं वाटलं.

सुदामानगरी
आईंचं वाक्य वाचून डोळ्यांत पाणी आलं. पहिल्या आठवड्यात रिझर्व्हायरची पातळी थोडी उतरेल, घाबरू नकोस, अडकलेली हवा निघत असते. कूलंटची बाटली हाताशी ठेव.

लोहामंडी
व्हॉल्व्हच्या तोंडाला पितळी बूच लावून ठेव. दांडी चुकून फिरली तरी पाणी अडेल.

लष्करवाला
ओ-रिंग चारदोन जास्तीच्या घेऊन ठेव. आणि जून लागला की वरच्या रेडिएटरची जाळी धू.

पोहेजिलेबी
बूच उद्याच लावतो, जाळीचं कॅलेंडरवर लिहिलं. काका, कूलंट बदलायची वेळ आली हे कसं ओळखू? बाटलीवर एक वर्ष लिहिलंय.

निवृत्त_कॅटकर
वर्ष ठीक आहे, पण मधूनही बघत जा. रंग बदलला, गढूळपणा आला, नळीच्या आत बोटाला बुळबुळीत लागलं तर वाट बघू नका. पीएच पट्टीही चांगली खूण देते. आजचं वाचन लिहून ठेवा, सहा महिन्यांनी पुन्हा घ्या, ते बरंच खाली उतरलं असेल तर गंजरोधक संपत आलंय. माझ्याकडे पट्ट्या आहेत. मी नारायण बागेत राहतो, तुमच्यापासून फार लांब नाही. शनिवारी सकाळी येऊ का? यंत्रही बघायचं आहे. भरताना उरलेलं कूलंट असेल तर फेकू नका, लूपमधल्या थेंबाशी ताडून बघायला तेच लागेल.

पोहेजिलेबी
काका, नक्की या. बाटलीत शंभरेक मिलिलिटर उरलंय, जपून ठेवलंय. पत्ता निरोपात पाठवतो. जिना अरुंद आहे, सावकाश चढा. बाबा दारात असतील.